भारतवारी, मांडीवरचे बाळ आणि बदललेले आकाश



मुलांच्या शाळेचे नवे कॅलेंडर फ्रिजवर चिकटले की आपल्या घरांतून एकच विषय सुरू होतो: यंदा भारतवारी केव्हा? तिकडे आजी-आजोबांनी दिवस मोजायला सुरुवात केलेली असते. नातवाला अजून प्रत्यक्ष पाहिलेले नसेल तर मग विचारायलाच नको. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर दोन गोष्टींवर ठरायचे, रजा आणि तिकिटाचा भाव. २०२२ पासून मात्र या गणितात नवनवीन आकडे शिरले आहेत. कुठल्या देशाचे आकाश बंद आहे, व्हिसाची मुलाखत कधी मिळेल, बाळाला गोवराची लस कधी द्यायची, अशा प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तिकिटाला हात लावणे अवघड झाले आहे.

घरात दोन वर्षांखालचे मूल असेल तर हे सगळेच दुप्पट जड होते. बॅगेत काय भरावे, विमानात मूल रडले तर काय करावे, याचे सल्ले आपल्याला मावश्या, मैत्रिणी आणि शेजारणी भरपूर देतात, आणि ते बहुतेक उपयोगीच असतात. या लेखात आम्हाला त्यापलीकडचे मांडायचे आहे. अमेरिकेतून लहान मुलांना घेऊन भारतात जाण्याचे नियम आणि मार्ग कसे बदलले, त्यामागची कारणे काय, आणि त्यातल्या कोणत्या गोष्टी आपल्या हातात आहेत, एवढ्यापुरता हा आढावा.

आकाशातले बंद रस्ते

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पाश्चात्त्य देशांनी रशियन विमानांना बंदी घातली आणि रशियानेही आपले आकाश त्यांच्या कंपन्यांना बंद केले. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाहून भारतात जाणाऱ्या अमेरिकी विमानांचा जवळचा रस्ता त्यामुळे गेला. मार्च २०२२ मध्ये युनायटेडने नेवार्क–मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली ही थेट उड्डाणे थांबवली. डेल्टाने डिसेंबर २०१९ मध्ये मोठा गाजावाजा करून सुरू केलेली न्यूयॉर्क–मुंबई सेवा त्याआधीच, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या तडाख्यात बंद पडली होती. एअर इंडियाला रशियाचे आकाश खुले राहिले. त्यामुळे थेट जायचे तर एअर इंडिया, असा अनेक घरांचा हिशेब झाला.

मग २०२५ उजाडले. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला आणि २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. ती बंदी पुढे महिन्यामहिन्याने वाढवली गेली. आता एअर इंडियाला वळसा आला. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावे लागले. त्यातच १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरचे १९ जण त्यात गेले. मृतांत संपूर्ण कुटुंबे होती, लहान मुले होती. त्यानंतर तपासण्यांसाठी कंपनीने मोठ्या विमानांची आंतरराष्ट्रीय उड्डाणे काही काळ कमी केली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवाही थांबवली.

ज्यांनी आखाती देशांचा मार्ग धरला त्यांनाही निर्धास्त राहता आले नाही. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्ष पेटला आणि २३ जूनला कतारने आपले आकाश काही तासांसाठी बंद केले. दोहाकडे निघालेली विमाने वाटेतूनच दुसरीकडे वळवावी लागली.

या सगळ्याचा मुलांशी संबंध काय, असे कोणी विचारेल. संबंध सरळ आहे. थेट उड्डाण म्हणजे बाळाला एकदा झोपवणे. मधे एक थांबा म्हणजे दोनदा झोपवणे, एकदा उठवणे, आणि पुन्हा एकदा सुरक्षा तपासणीच्या रांगेत स्ट्रोलरची घडी घालणे. इंधनासाठीचा थांबा तर आणखी वेगळा. विमान उतरते, पण प्रवाशांना सहसा खाली सोडत नाहीत. पंधरा तासांच्या बेताने भरलेले डायपर आणि दुधाची पावडर मग अपुरी पडते. म्हणून वेळापत्रकात जे तास लिहिलेले असतील त्याच्या दीडपट सामान हातातल्या बॅगेत ठेवावे, हा साधा हिशेब आम्ही सगळ्यांना सांगतो.

दुसरा मुद्दा तिकिटाच्या जोडणीचा. मुंबईपर्यंतचे तिकीट एका कंपनीचे आणि पुढे नागपूर, औरंगाबाद किंवा कोल्हापूरचे वेगळे स्वस्तातले काढायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात या सवयीची किंमत अनेकांना कळली. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम लागू झाले, त्यासाठी पुरेशी तयारी नव्हती, आणि इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. तिकीट एकच असेल तर पुढच्या उड्डाणाची सोय लावणे ही कंपनीची जबाबदारी असते. वेगळे असेल तर पहिली कंपनी म्हणते आम्ही पोचवले, दुसरी म्हणते तुमचे पैसे परत घ्या, आणि कडेवर मूल घेऊन रात्री दोन वाजता हॉटेल शोधायचे काम आपले. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. तिकिटावर मुंबई दिसले की झाले, असे आता राहिले नाही. पुढचे विमान नेमके कोणत्या विमानतळावरून आहे ते तिकीट काढतानाच पाहावे.

अमेरिकेच्या परिवहन खात्याचा एक नियम मात्र आपल्या बाजूचा आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून, अमेरिकेत येणारे किंवा तिथून जाणारे आंतरराष्ट्रीय उड्डाण रद्द झाले किंवा सहा तासांहून अधिक लांबले, आणि आपण प्रवास न करण्याचे ठरवले, तर पैसे परत मिळण्याचा हक्क आहे. कंपनी पुढच्या प्रवासाचे कूपन देऊ करते, पण ते घेण्याची सक्ती नाही. काउंटरवर गर्दीत उभे असताना हे लक्षात ठेवावे.

मांडीवर की खुर्चीत?

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे येतो. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घेऊन जाता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे तिकीट साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के, अधिक कर. स्वतंत्र खुर्ची घेतली तर अनेक कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या सुमारे ७५ टक्के घेतात. चौघांच्या कुटुंबाला हा फरक हजार-दीड हजार डॉलरच्या घरात सहज जातो. त्यामुळे बहुतेक घरे मांडीचा पर्याय निवडतात, आणि त्यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही.

पण सुरक्षेच्या बाजूने पाहिले तर चित्र विचित्र आहे. विमानात कॉफीचे भांडेसुद्धा उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी बंदिस्त करावे लागते. हँडबॅग सीटखाली जावी लागते. एकट्या बाळाला मात्र आईच्या हातांशिवाय कशाचाही आधार नसला तरी चालते. अमेरिकेची विमान वाहतूक संस्था एफएए स्वतःच सांगते की बाळासाठी सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे त्याच्या स्वतःच्या खुर्चीत बांधलेली मान्यताप्राप्त कारसीट. सांगते, पण सक्ती करत नाही.

हा वाद जुना आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडचे २३२ क्रमांकाचे उड्डाण आयोवातील सू सिटी येथे कोसळले. विमानात २९६ जण होते, त्यांपैकी १८४ वाचले. मांडीवरची चार मुले होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांना आईवडिलांच्या पायांपाशी जमिनीवर धरून ठेवण्यास सांगण्यात आले. त्यांतले एक मूल दगावले. तशी सूचना देणाऱ्या मुख्य हवाईसेविका जॅन ब्राउन यांनी पुढची अनेक वर्षे मुलांना स्वतंत्र आसन सक्तीचे करावे म्हणून लढा दिला. अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीनेही तशी शिफारस १९९० मध्ये केली. एफएएने अनेक वर्षे विचार करून २००५ मध्ये सक्ती करणार नाही असे जाहीर केले.

त्यामागचे कारण ऐकण्यासारखे आहे. सक्ती केली तर काही कुटुंबांना विमान परवडणार नाही, ती मोटारीने जातील, आणि रस्त्यावरचा धोका विमानापेक्षा कितीतरी अधिक आहे. म्हणजे विमानात वाचतील त्याहून जास्त मुले रस्त्यावर दगावतील. बालरोगशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हाच हिशेब मांडला. सक्तीमुळे वर्षाला सरासरी ०.४ मृत्यू टळतील, आणि सुमारे ५ ते १० टक्क्यांहून अधिक कुटुंबे मोटारीकडे वळली तर एकूण नुकसानच होईल, असे त्यात म्हटले होते.

शिकागोहून क्लीव्हलंडला जाणाऱ्या कुटुंबासाठी हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण मंडळी, नेवार्कहून मुंबईला मोटारीने कोण जाणार? ज्या पर्यायाच्या भीतीने सक्ती टाळली, तो पर्याय आपल्या प्रवासात नाहीच. देशांतर्गत प्रवासासाठी केलेला हिशेब समुद्रापलीकडच्या पंधरा-वीस तासांच्या प्रवासाला जसाच्या तसा लावला गेला आहे. आपल्यासारख्या परदेशस्थ कुटुंबांनी याकडे लक्ष वेधायला हवे.

मग सक्ती मागावी का? आमचे मत नाही असे आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. आपल्याकडे विमानाला पर्याय रस्ता नाही, पर्याय आहे न जाणे. खुर्ची सक्तीची झाली तर अनेक तरुण जोडपी, विशेषतः एकाच पगारावर चालणारी, वारी पुढे ढकलतील. जी आजी नातवाला दहाव्या महिन्यात मांडीवर घेणार होती ती त्याला तिसऱ्या वर्षी भेटेल. काही आजोबांच्या बाबतीत ती भेट होणारही नाही. ही किंमत कोणत्याही सरकारी तक्त्यात मांडली जात नाही, पण आपल्याला ती पुरती ठाऊक आहे. म्हणून सक्तीऐवजी बाळाच्या खुर्चीचे भाडे कमी करणे, आणि विमानात जागा रिकामी असेल तर विकत न घेतलेल्या बाळालाही कारसीटसह ती देणे, या दोन गोष्टी कंपन्यांकडून मागण्यासारख्या आहेत. दुसरी गोष्ट काही कंपन्या आजही करतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. गेटवर जाऊन हसतमुखाने विचारावे.

आणखी एक विसंगती पाहा. युरोपच्या नियमांनुसार मांडीवरच्या बाळाला एक छोटा जोडपट्टा देतात, तो आईच्या पट्ट्यात ओवलेला असतो. भारतीय कंपन्याही असा पट्टा देतात. अमेरिकी कंपन्यांना मात्र उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी तो वापरायला एफएएची मनाई आहे, कारण धक्का बसला तर मोठ्या माणसाच्या शरीराखाली बाळ चिरडण्याची भीती त्यांना वाटते. युरोपचे म्हणणे असे की बाळ हातातून सुटून फेकले जाण्यापेक्षा पट्टा बरा. एकाच वारीत, एका विमानात बाळ बांधलेले आणि दुसऱ्यात मोकळे, असा अनुभव येतो तो यामुळे. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचे ज्यावर एकमत आहे ती गोष्ट एकच: वेगळी खुर्ची आणि तिच्यात नीट बांधलेली कारसीट सर्वांत चांगली.

याला तातडी आली आहे ती हवेतल्या हेलकाव्यांमुळे. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला म्यानमारवर असा जबरदस्त हेलकावा बसला की एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जखमी झाले. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की उत्तर अटलांटिकवरच्या एका ठरावीक ठिकाणी तीव्र हेलकाव्यांचा वार्षिक काळ १९७९ ते २०२० या वर्षांत ५५ टक्क्यांनी वाढला. आपल्या पूर्व किनाऱ्यावरून भारतात जाणारी बहुतेक विमाने याच समुद्रावरून जातात. भिंतीला लावायचा पाळणा म्हणजे बासिनेट अशा वेळी कामाचा नसतो. पट्ट्याचा दिवा लागला की बहुतेक कंपन्या बाळाला त्यातून बाहेर काढायला सांगतात. पाळणा ही झोपेची सोय आहे, सुरक्षेची नव्हे.

खुर्ची घ्यायची ठरवली तर तीन गोष्टी पाहाव्यात. कारसीटवर ती विमानात वापरण्यास मान्य असल्याची लाल अक्षरातली चिठ्ठी हवी. तिची रुंदी १६ इंचांपर्यंत असेल तर ती बहुतेक खुर्च्यांत बसते. बूस्टर सीट विमानात चालत नाही. थोड्या मोठ्या मुलांसाठी, २२ ते ४४ पौंड वजनाच्या, ‘केअर्स’ नावाचा पट्ट्यांचा साज मिळतो. त्याला एफएएची २००६ पासून मान्यता आहे आणि तो हातातल्या पिशवीत मावतो. परदेशी कंपनीचे विमान असेल तर हे सर्व चालते का, ते आधी लेखी विचारून घ्यावे.

आणि एक तारीख तपासावी: बाळाचा दुसरा वाढदिवस. जाताना २३ महिन्यांचे आणि येताना दोन वर्षांचे झालेले मूल परतीच्या प्रवासात मांडीवर चालत नाही. त्याला पूर्ण खुर्ची लागते, आणि ऐन हंगामात ती शेवटच्या क्षणी घेणे फार महाग पडते.

शेजारी कोण बसणार?

मूल दोन वर्षांचे झाले, खुर्ची मिळाली, आता ती आईवडिलांच्या शेजारी असेल का? स्वस्त तिकिटांवर जागा निवडायचे वेगळे पैसे पडू लागले तेव्हापासून हा प्रश्न आला. चार वर्षांचे मूल ३४ व्या रांगेत आणि आई ४१ व्या, अशी वाटणी संगणक बिनदिक्कत करतो. मग विमानात शिरल्यावर अनोळखी माणसांना विनवण्या.

अमेरिकी संसदेने २०१६ मध्येच परिवहन खात्याला यात लक्ष घालायला सांगितले होते. मार्च २०२३ मध्ये खात्याने कोणती कंपनी मुलांना पालकांशेजारी बसवण्याची हमी देते याचा तक्ता प्रसिद्ध केला, तेव्हा अशी हमी अमेरिकन, अलास्का आणि फ्रंटियर या तीनच कंपन्यांनी दिली होती. मे २०२४ च्या नव्या कायद्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये १३ वर्षांपर्यंतच्या मुलांना जादा पैसे न घेता शेजारची जागा देण्याचा मसुदा खात्याने मांडला. मसुद्याने मात्र काउंटरवर जागा मिळत नाही, तिथे कंपनीचे स्वतःचे लेखी आश्वासनच कामाला येते.

भारताने इथे अधिक वेगाने पाऊल टाकले, हे आवर्जून सांगावेसे वाटते. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने विमान कंपन्यांना निर्देश दिले की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या पालकांपैकी किमान एकाशेजारी जागा द्यावी आणि तशी नोंद ठेवावी. यातले ‘एकाच पीएनआरवर’ हे शब्द महत्त्वाचे. माइल्स वापरून आईचे तिकीट वेगळे आणि मुलाचे वेगळे काढले तर हा आधार निसटतो. संपूर्ण कुटुंबाचे आरक्षण एकत्रच ठेवावे.

घरातला सर्वांत लहान नागरिक

इथे जन्मलेले आपले मूल अमेरिकन नागरिक असते आणि आईवडील अनेकदा भारतीय पासपोर्टवर, एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर. एकाच घरात दोन देशांचे कागद. मुलाचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो आणि तो काढताना दोन्ही पालकांची संमती लागते. भारतात शिरायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड हवे. ओसीआयचे नियम २०२१ मध्ये सोपे झाले. पासपोर्ट बदलला की कार्ड पुन्हा काढायचे, ही कटकट गेली. वीस वर्षांखालच्या मुलांसाठी नवा पासपोर्ट आणि ताजा फोटो तीन महिन्यांच्या आत संकेतस्थळावर चढवला की पुरते.

नावांचा घोळ हा खास आपला. मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव, मग आडनाव, आणि आईने माहेरचे आडनाव ठेवलेले. आई एकटीच मुलाला घेऊन निघाली की पासपोर्टवरून नाते कळत नाही. जन्मदाखल्याची प्रत आणि वडिलांचे नोटरी केलेले संमतिपत्र जवळ असावे. फारसे कोणी मागत नाही, पण मागितले तर दुसरा इलाज नसतो.

खरी चिंता आईवडिलांच्या व्हिसाची आहे. पूर्वी अनेकांचे शिक्के मुलाखतीशिवाय, कागद पेटीत टाकून मिळत. २ सप्टेंबर २०२५ पासून ही सवलत बहुतेकांसाठी बंद झाली. १४ वर्षांखालच्या मुलांनाही सामान्यतः मुलाखतीला हजर राहणे आले. त्याच महिन्यात, अर्जदाराने आपल्या देशात किंवा राहत्या देशातच मुलाखत द्यावी असेही सांगण्यात आले. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील नोंदींची तपासणी सुरू झाली. त्यामुळे भारतातील वकिलातींनी डिसेंबरच्या अनेक मुलाखती काही महिन्यांनी पुढे ढकलल्या. नाताळच्या सुट्टीत तीन आठवड्यांसाठी गेलेली कुटुंबे तिकडेच अडकली.

अशा कुटुंबात घरातला सर्वांत लहान माणूस, जो अजून धड चालत नाही, तो केव्हाही अमेरिकेत परत येऊ शकतो. त्याला आणणारे आईबाप मात्र येऊ शकत नाहीत. इथे घराचे भाडे चालू, डेकेअरची फी चालू, मोठ्या मुलाची शाळा बुडते आहे. म्हणून आमचे स्पष्ट मत असे: पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर आधी मुलाखतीची तारीख आणि मग तिकीट. तारीख मिळाली तरी ती हलू शकते हे धरून, परतीची तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्यावे. नोकरीच्या ठिकाणी आधी बोलून ठेवावे. घरी कोणी अत्यवस्थ असेल तर हे सारे शहाणपण बाजूला ठेवून जावेच लागते, हेही आम्ही जाणतो. निदान त्या वेळी धोका माहीत असावा.

गोवर: उलट्या दिशेची काळजी

पूर्वी आपण मुलांना भारतात नेताना तिकडच्या पाण्याची आणि डासांची काळजी करत असू. ती आजही करावी. पण २०२५ मध्ये अमेरिकेतच गोवराचे २००० हून अधिक रुग्ण झाले, १९९२ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. टेक्सासमध्ये दोन मुले दगावली. विमानतळ म्हणजे जगभरची माणसे एका छपराखाली, आणि गोवर हवेतून पसरतो.

अमेरिकेत गोवराची पहिली लस साधारण १२ ते १५ महिन्यांच्या वयात देतात. परदेशी जाणार असेल तर ६ ते ११ महिन्यांच्या बाळालाही एक मात्रा आधी द्यावी, अशी सीडीसीची शिफारस आहे. ही मात्रा नेहमीच्या दोन मात्रांत धरली जात नाही. त्या दोन पहिल्या वाढदिवसानंतर द्याव्याच लागतात. लसीचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून उपयोग नाही. प्रवासाच्या सहा आठवडे आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे आणि ‘हॉटेलात नाही, नातेवाइकांच्या घरी राहणार, महिनाभर’ असे स्पष्ट सांगावे. नातेवाइकांकडे जाणाऱ्या मुलांना पर्यटकांपेक्षा आजारांचा धोका अधिक असतो, कारण आपण तिथे घरच्यासारखे राहतो, खातो, पितो. हिपॅटायटिस ए, टायफॉइड, मलेरिया यांविषयी त्याच भेटीत विचारून घ्यावे.

मग करायचे काय?

वर सांगितलेल्या गोष्टींत काही आपल्या हातात नाहीत. पाकिस्तानचे आकाश आपण उघडू शकत नाही, वकिलातीची रांग आपण हलवू शकत नाही. पण क्रम आपल्या हातात आहे. पूर्वीचा क्रम होता तिकीट, मग खरेदी, मग कागद. आता तो उलटा करावा: आधी कागद, मग डॉक्टर, मग मार्ग, आणि शेवटी तिकीट. भाव पन्नास-शंभर डॉलरने वर गेला तरी हरकत नाही. चुकलेल्या क्रमाची किंमत त्याहून मोठी असते.

दुसरे म्हणजे, पैसे वाचवायचेच असतील तर ते कुठे वाचवायचे नाहीत हे ठरवावे. आमच्या मते तीन ठिकाणी वाचवू नयेत: एकाच तिकिटावरची जोडणी, दोन विमानांमधला पुरेसा वेळ, आणि जमत असेल तर बाळाची खुर्ची. ती दोन्ही वेळा जमत नसेल तर निदान परतीला घ्यावी. येताना उड्डाण अधिक लांब, आईबाप थकलेले, आणि मूल महिनाभरात वजनाने वाढलेले असते, आजीच्या कृपेने.

तिसरी गोष्ट एकत्रितपणे करण्याची. परिवहन खाते नियमांच्या मसुद्यांवर लोकांची मते मागवते आणि ती कोणीही पाठवू शकते. त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. शेजारच्या जागेचा प्रश्न असो वा बाळाच्या खुर्चीचा, लांब पल्ल्याच्या प्रवासाचा अनुभव आपल्याइतका फार थोड्या समाजांकडे आहे. बारा-पंधरा तास बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईने लिहिलेली चार वाक्ये तिथे पोचली पाहिजेत, नाहीतर शिकागो–क्लीव्हलंडच्या हिशेबावरच आपल्यासाठीचे नियम ठरत राहतील.

भारतवारी थांबवावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुलाला मराठी येते ते वर्गात बसून जेवढे, त्याहून अधिक चुलतभावंडांशी भांडून. आजीच्या हातचा मऊ भात, अंगणातली मांजर, दुपारी भोंगा वाजवत येणारा कुल्फीवाला, हे त्याला व्हिडिओ कॉलवर देता येत नाही. म्हणूनच हा प्रवास डोळे उघडे ठेवून, पुरेशा तयारीने करावा. ज्यांच्या घरी येत्या सुट्टीत पहिलीच वारी आहे त्यांनी मंडळातल्या जुन्या प्रवाशांना अवश्य विचारावे. केअर्सचा पट्टा किंवा हलकी कारसीट कोणाकडे वापराविना पडून असेल तर त्यांनीही ती पुढच्या घराला आनंदाने द्यावी. कारसीट मात्र अपघातात सापडलेली नसावी आणि तिची मुदत उलटलेली नसावी, एवढे पाहूनच.

सर्वांना सुखाचा प्रवास!